बॅटमॅनला ते अवजार ओळखता येत नाही

यंदा गणपतीत आमच्या इंदूरच्या कॉलनीतल्या पोरांनी मंडपासमोर पांढरी चादर ताणून 'द बॅटमॅन' लावला, २०२२ चा, रॉबर्ट पॅटिन्सनवाला, आणि तेव्हा जे भांडण पेटलं ते अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघून गेल्या, मखर माळ्यावर चढलं, मांडववाल्याचे पैसेपण देऊन झाले तरी विझायला तयार नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री कुणाला काही दिसलंच नव्हतं. चादरीच्या डाव्या हाताला मंडपाचा हॅलोजन, वर चायनीज माळा लुकलुक करताहेत, आणि मधे तीन तासांचा असा पिक्चर ज्यात धड उजाडतं तेच मुळी शेवटी. पहिला अर्धा तास पावसाचा आवाज आला, मधूनमधून कुणाचं तरी नाक दिसलं, एकदा बहुतेक गाडी दिसली. चाळिसाव्या मिनिटाला शेजारचे काका उठले, घरून आणलेली स्वतःची खुर्ची उचलली आणि जाता जाता म्हणाले, "काय रे, तुमच्या हिरोला दिवसा सुट्टी असते का?" त्यावर माझा आतेभाऊ, जो सिनेमाच्या बाबतीत आधीच तापट, तो म्हणाला काका हे नॉयर आहे, काळोख्या तपासपटांचा प्रकार, तुम्हाला नाही कळायचं. झालं.

तेव्हापासून ओटल्यावर दोन पार्ट्या. काकांच्या पार्टीचं म्हणणं, सुपरहिरो ही लहान मुलांची गोष्ट, त्यात उजेड पाहिजे, आशा पाहिजे, हे असलं कुंद, रडकं, पावसाळी प्रकरण गणपतीत दाखवणं म्हणजे कहर आहे. आतेभावाच्या पार्टीचं म्हणणं, हाच खरा बॅटमॅन, डार्क आहे म्हणून रिअल आहे, ज्यांना झेपत नाही त्यांनी घरी बसून कार्टून बघावं. मी हा पिक्चर तोवर चारदा पाहिला होता, मला तो अतिशय आवडतो, तरी मला दोन्ही बाजू ऐकवत नाहीत, कारण दोघं भांडताहेत ते रंगावरून. घरात खून पडलाय आणि घरचे लोक भिंतीला डिस्टेंपर कोणता द्यायला हवा होता यावर एकमेकांच्या अंगावर धावताहेत, तसं. माझं म्हणणं इतकंच आहे की ही तपासकथा आहे, मग तिची परीक्षा तपासकथेसारखी घ्या ना, कोण कुणाला शोधतंय, शोधताना काय सापडतं, आणि सापडल्यावर शोधणाऱ्याचं काय होतं. त्या परीक्षेत हा पिक्चर फर्स्ट क्लासमधे पास होतो, अंधारासकट. किंबहुना अंधारामुळे.

काकांचं सगळ्यात बळकट म्हणणं मी आधीच मान्य करून टाकतो, ते म्हणजे दिसत नाही. मंडपात तर नाहीच, पण थिएटरमधेपण सगळ्यांना दिसला असं नाही. मार्च २०२२ मधे पहिल्याच आठवड्यात मी इथल्याच एका मल्टिप्लेक्समधे बघितला, नाव घेत नाही, तर मला वाटलं माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. पडद्यावर पांढरा रंग किती उजळ पडला पाहिजे याचं ठरलेलं माप असतं, १४ फूट-लॅम्बर्ट, आणि प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला किंवा जास्त दिवस टिकावा म्हणून मंद ठेवला की ते माप घसरतं. लग्नाच्या गाण्यांचा पिक्चर असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही, थोडा उजेड गेला तरी नवरीचा शालू लालच दिसतो, पण ज्या फ्रेममधे मुळात उजेड चमचाभर आहे तिथे अर्धा चमचा सांडला तर उरणार काय? कॅमेरामन ग्रेग फ्रेझर काही साधा गडी नाही, त्याच महिन्याच्या शेवटी त्याला दुसऱ्या एका, वाळवंटातल्या, सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. त्याने हा पिक्चर डिजिटलवर शूट करून मग फिल्मवर उतरवला आणि तिथून परत स्कॅन केला, का तर अंधाराला थोडा खरखरीतपणा यावा, तो नुसता काळा डबा दिसू नये. एवढी मेहनत ज्याच्यावर घेतली ती गोष्ट अर्ध्या जगाने मंद दिव्यात नाहीतर मोबाइलवर उन्हात बघितली. म्हणजे काका, तक्रार खरी आहे, फक्त ती थिएटरवाल्याकडे आणि आपल्या हॅलोजनकडे करायची आहे.

पण समजा नीट दिसलं. मग तो अंधार करतो काय? सुरुवातच बघा. शहराचा महापौर रात्री घरात एकटा टीव्ही बघतोय, इकडून तिकडे फिरतोय, फोनवर बोलतोय, आणि कधीतरी आपल्या लक्षात येतं की मागच्या काळ्या कोपऱ्यात माणूस उभा आहे, तो आत्ता आलेला नाही, तो मघापासून होता आणि आपण बघूनसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याच्यानंतर लगेच, त्याच रात्री, आकाशात वटवाघळाची खूण पडलीय आणि शहरातले भुरटे चोर पळता पळता थबकून काळ्या दारांकडे, बोगद्यांकडे, जिन्याखाली बघताहेत, तिथे कुणीच नाहीये, पण ते पळतात. एकाच चालीत दिग्दर्शक मॅट रीव्ह्जने दोन गोष्टी शिकवून ठेवल्या, जिथे माणूस आहे तिथे तुम्हाला दिसणार नाही आणि जिथे दिसतोय असं वाटेल तिथे तो नसेल. पुढे तीन तास तुम्ही प्रत्येक कोपरा तपासत बसता. म्हणजे डिटेक्टिव्हचं काम तुमच्याकडून करून घेतलं! उजेडात हे कसं केलं असतं?

आता आतेभावाकडे. भिया, डार्क म्हणजे रिअल हे तुला सांगितलं कुणी? हजारो कोटींचा मालक असलेला माणूस वटवाघळाचे कान लावून पोलिसांच्या घोळक्यातून पंचनामा बघायला चालत येतो आणि हवालदार नुसते बाजूला होतात, यात रिअल काय आहे? तुला वास्तव पाहिजे तर ठाण्यात जाऊन बस, तिथे ट्यूबलाइट असते. हा जो सावल्यांचा सिनेमा आहे त्याचा जन्मच मुळी खोट्यातून झाला. १९२० च्या सुमाराला जर्मनीत असे सिनेमे निघाले ज्यात सेटच्या भिंतींवर सावल्या चक्क रंगाने काढलेल्या होत्या, वाकड्या खिडक्या, वाकडी घरं. मग हिटलर आला आणि त्यातले पुष्कळ लोक जीव मुठीत धरून हॉलिवूडला गेले, तिथे त्यांनी तोच वाकडेपणा खाजगी डिटेक्टिव्हच्या ऑफिसात आणि पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यांवर आणला. महायुद्धात फ्रान्समधे अमेरिकन सिनेमे पोचतच नव्हते, युद्ध संपल्यावर सगळे एकदम आले, आणि १९४६ मधे निनो फ्रँक नावाच्या फ्रेंच समीक्षकाला त्यांचा काळेपणा बघून शब्द सुचला, नॉयर, म्हणजे काळा. बनवणाऱ्यांना आपण नॉयर बनवतोय हे ठाऊकसुद्धा नव्हतं. तो आतल्या भीतीला बाहेर आकार देण्याचा प्रकार होता, वास्तव वगैरे दाखवण्याचा नव्हे. आणि हे काही फक्त गोऱ्यांचं खूळ आहे असंही समजू नका. व्ही. शांताराम जर्मनीला जाऊन आले होते, आणि त्यांचा 'माणूस', रात्रीच्या गस्तीवरचा हवालदार आणि अड्ड्यावर सापडलेली बाई, आला १९३९ मधे. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला तोही १९३९ मधेच! आपल्या आजोबांनी प्रभातच्या थिएटरात सावल्या बघितल्या आणि त्यांना कुणी "तुम्हाला नाही कळायचं" म्हटलं नाही, मग तू काकांना कशाला म्हणतोस?

काकांचा दुसरा मुद्दा मला खरंच अडवतो. सुपरहिरो मुलांचा आहे. हे खोटं नाहीये, इतिहास काकांच्याच बाजूने आहे. बॅटमॅन आला तेव्हा काळाच होता, पण वर्षभरात, १९४० मधे, त्याच्यासोबत रॉबिन नावाचा पोरगा दिला गेला, लाल-पिवळ्या कपड्यातला, कारण एकटा माणूस बोलणार कुणाशी आणि वाचणारी पोरं स्वतःला बघणार कुठे? मासिक त्या पोराने चालवलं असं म्हटलं तरी चालेल. १९५४ मधे अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून सिनेटपर्यंत आरडाओरडा झाला, छापणाऱ्यांनी घाबरून स्वतःवरच नियमावली लादून घेतली, आणि मग आमचा हा डिटेक्टिव्ह काही वर्षं परग्रहावरच्या प्राण्यांशी मारामाऱ्या करत बसला. १९६६ ची टीव्ही मालिका तर सगळी रंगपंचमीच होती, ठोसा मारला की पडद्यावर ढिशुमचा फुगा. आणि लोकांना ती आवडली, आजही आवडते, मलापण. तेव्हा उजेडातला बॅटमॅन खोटा आणि अंधारातला खरा असं मी म्हणणार नाही, दोघंही त्याच घरचे.

फक्त काका, एक विचारू का? तुम्ही शाळेत असताना बीजगणिताच्या पुस्तकात काय लपवून वाचत होता हे काकूंनी मला सांगितलंय. बाबूराव अर्नाळकर! त्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड, नावातच काळा, आणि तेव्हाच्या शहाण्या लोकांनीही हेच म्हटलं होतं की असली पुस्तकं वाचून पोरं वाया जातात. तुम्ही वाया गेलात का? पस्तीस वर्षं बँकेत ऑडिटला काढलीत, एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाहीत. काळा पहाड वाचणाऱ्या पोराला अंधाराचं वाईट वाटत नव्हतं, त्याला पुढच्या पानावर काय सापडतं याची घाई होती. त्या रात्री मंडपातसुद्धा, मोठे लोक दिसत नाही दिसत नाही करत होते तेव्हा पुढच्या सतरंजीवर बसलेल्या एका आठ वर्षांच्या पोरीने आईला विचारलं, त्या मेलेल्या महापौराच्या मुलाला आता कोण सांभाळणार? तिला पिक्चर बरोब्बर कळला होता. कारण बॅटमॅनपण त्या मुलाकडेच बघत उभा असतो, आणि शेवटी पुराच्या पाण्यात त्याचा हात पहिल्यांदा धरतो तो तोच मुलगा.

बरं, तपास. बॅटमॅन छापणाऱ्या कंपनीचं डीसी हे नावच मुळी डिटेक्टिव्ह कॉमिक्सवरून आलं आणि त्या मासिकाच्या २७ व्या अंकात बॅटमॅन जन्मला, उडणारा म्हणून नाही, शोधणारा म्हणून. इतक्या पिक्चरांमधे तो धड शोधताना दिसला नव्हता, गाड्या उडवल्या, इमारती पाडल्या, पण खाली वाकून जमिनीवरचा डाग बघणारा बॅटमॅन इथे पहिल्यांदा मनासारखा मिळाला. आणि गंमत म्हणजे तो शोधतो आणि चुकतो. पंख असलेला उंदीर, असं एक कोडं त्याला स्पॅनिशमधे मिळतं. त्याला वाटतं हा उंदीर म्हणजे खबऱ्या, आणि खबऱ्या म्हणजे पेंग्विन नावाचा गुंड, तो त्याला भर पावसात गाडीने पाठलाग करून पकडतो, केवढा तो पाठलाग, आणि पकडल्यावर तो जाडा पेंग्विन त्यांच्या स्पॅनिश व्याकरणाची चूक काढून हसतो! शहरातला सगळ्यात भीतीदायक माणूस आणि समोरचा गुंड त्याचा व्याकरणाचा पेपर तपासतोय. आणि वटवाघूळ म्हणजे तरी काय, पंख असलेला उंदीरच की.

माझ्यासाठी मात्र सगळा पिक्चर एका सीनमधे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. खुनी, रिडलर, पकडला गेलाय. बॅटमॅन त्याच्या खोलीत शिरलाय. हातात ते लोखंडी अवजार, ज्याने महापौराला मारलं. हेच खुनाचं हत्यार हे त्याला पटकन कळतं, पण ते मुळात कशासाठी असतं हे कळत नाही, आणि तिथे पिक्चर कितीतरी वेळ अडकतो. ज्या हवालदाराने पहिल्या रात्री त्याला दारात अडवलं होतं तो बाजूला उभा असतो, तो म्हणतो, माझा काका गालिचे बसवायचं काम करतो, हे गालिच्याची कड भिंतीशी दाबायचं अवजार आहे. बस. बॅटमॅन खाली बघतो, पायाखालचा गालिचा फाडतो, आणि फरशीवर सगळा कट काढलेला. म्हणजे उत्तर त्याच्या पायाखाली होतं आणि किल्ली त्याच्याच हातात. जगातली सगळी यंत्रं ज्याच्या तळघरात आहेत त्याला एका कामगाराचं दोन वितीचं अवजार ओळखता आलं नाही! आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोफ्याच्या गाद्या बदलणारा आणि लग्नाच्या हॉलमधे गालिचे ठोकणारा एक माणूस बसतो, त्याच्या पेटीत अशी चपटी, वाकडी, झिजलेली लोखंडं पाच-सहा तरी असतील, त्याला दाखवलं असतं तर त्याने तोंडातली विडी न काढता सांगितलं असतं. बॅटमॅनला माहीत नाही कारण त्याच्या घरी गालिचा नेहमी बसवलेलाच होता. बसवणाऱ्याचा चेहरा त्याने कधी पाहिला नाही.

म्हणून माझी भाची, जी लॉ करते आणि ओटल्यावर सगळ्यात धारदार बोलते, तिचा आक्षेप मला या दोन्ही पार्ट्यांपेक्षा जास्त वजनदार वाटतो. ती म्हणते मामा, एक अतिश्रीमंत माणूस रात्री वेश बदलून गरिबांना बडवतो, ही कसली न्यायाची गोष्ट, त्यापेक्षा त्याने टॅक्स भरावा. आता याला उत्तर काय देणार? सगळं बॅटमॅन प्रकरण या एका वाक्यात आडवं होतं. फक्त मी तिला एवढंच म्हणतो की हे तू सांगायच्या आधी पिक्चरनेच सांगून ठेवलंय. पहिल्याच मारामारीत स्टेशनवर टोळक्याला बडवून झाल्यावर ज्याला वाचवलं तो माणूस खाली पडल्या पडल्या याच्याकडे बघून म्हणतो, मला मारू नका. वाचवलेला माणूस! महापौरपदाला उभी असलेली बाई ब्रूस वेनला, म्हणजे मुखवटा काढलेल्या बॅटमॅनलाच, अंत्यविधीत गाठून ऐकवते की तुझं घराणं दानधर्म करणारं, तू काय करतोस? आणि रिडलर ज्या अनाथाश्रमात वाढला तो वेन घराण्याच्याच नावाचा, ज्या एक अब्ज डॉलरच्या फंडातून त्याचं भलं व्हायचं होतं तो फंड बाप मेल्यावर गुंडांनी आणि पुढाऱ्यांनी वाटून खाल्ला. हे ऐकताना इंदूरच्या माणसाला हुकुमचंद मिल आठवणार नाही का? नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली, आणि कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी सुटले डिसेंबर २०२३ मधे, तोपर्यंत कितीतरी जण वाट बघतच गेले. कागदावर पैसा असणं आणि हातात पैसा पडणं यांच्यामधे जो काळोख असतो, त्याला कॅमेरामन लागत नाही. तर भाचीबाई, आक्षेप मंजूर, पण आरोपपत्र आधीच दाखल आहे, आणि दाखल करणारा खुनी आहे ही खरी पंचाईत.

आणि हे कोड्यांचं प्रकरण आपल्याला परकं आहे का? इथून उज्जैन पन्नासेक किलोमीटर. राजा विक्रम रात्री स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन चाललाय आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगून कोडं घालतोय, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं, बोललास तर मी चाललो परत झाडावर. प्रत्येक खुनाशेजारी बॅटमॅनच्या नावाचं एक कार्ड, आत कोडं, आणि उत्तर दिलं की पुढचं प्रेत तयार. मला तर दुसऱ्यांदा बघताना हसूच आलं, अरे हा आपला वेताळ! पण त्या गोष्टीची कळ शेवटी आहे, सगळे विसरतात. राजा ज्या जोग्यासाठी प्रेत वाहतोय तोच जोगी राजाचा बळी द्यायला बसलाय. दोषी म्हणून ज्याला शोधायचं तो झाडावर नाही, ज्याने कामाला लावलं तिथे आहे. बॅटमॅनला कामाला कोणी लावलंय? सूडाने. दोन वर्षं तो प्रत्येकाला सांगत फिरतो मी सूड आहे, आणि शेवटी रिडलरच्या एका बंदूकवाल्या चेल्याचा मुखवटा ओढून विचारतो तू कोण, तर तो पोरगा तेच वाक्य परत याच्या तोंडावर मारतो. पॅटिन्सनचे नुसते डोळे दिसतात तिथे, पण कसे दिसतात!

इथे सगळ्यात मोठा आक्षेप येतो आणि तो मी स्वतःच घेतो, कारण दोन्ही पार्ट्यांनी घेतला नाही. डिटेक्टिव्ह हरतो. कट त्याला कळतो तो बॉम्ब फुटायच्या जरा आधी, समुद्राची भिंत फुटते, शहर बुडतं. मग तपासाचा उपयोग काय झाला? अर्नाळकरांच्या झुंजारला हे शोभलं असतं का? यावर मला आठवतं ते आपल्या शहराचं जुनं प्रकरण, जे आमच्या आजीकडे निघालं की आवाज आपोआप खाली जायचा. १२ जानेवारी १९२५, मुंबईत मलबार हिलवर एका मोटारीला दुसरी मोटार आडवी येते. आत बावला नावाचा श्रीमंत व्यापारी आणि मुमताज बेगम, इंदूर दरबारातून निसटलेली नाचणारी. बावलाला गोळ्या घालतात, तिच्या चेहऱ्यावर वार करतात, तिला उचलून न्यायचं असतं. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे येतात, एकाच्या हातात गोल्फची काठी, तो तिनेच हल्लेखोरांना झोडपतो, दोघे जण जागीच पकडले जातात. आणि मग धागा ओढत ओढत इंदूरपर्यंत. खटल्यात एका आरोपीचे वकील होते जिना. खालच्या लोकांना फाशीच्या, जन्मठेपेच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. आणि पुढच्या वर्षी, १९२६ मधे, इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी चौकशी आयोगासमोर जाण्यापेक्षा मुलासाठी गादी सोडली. त्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही, सिद्ध करायची वेळच आली नाही.

आता सांगा, ही केस सुटली की नाही सुटली? पोलिसांच्या कागदावर सुटली. पण रस्त्यावर सापडलेला धागा राजवाड्याच्या दारापर्यंत आला आणि दाराशी कापला गेला, हे शंभर वर्षांनीही इथल्या माणसाला माहीत आहे. नॉयर म्हणजे मला तरी हेच वाटतं, पाऊस आणि टोपी नाही, तर शोधणाऱ्याला सत्य मिळतं पण त्या सत्याची नाणी बाजारात चालत नाहीत. फरक इतकाच की या पिक्चरमधे दाराशी आल्यावर कळतं की दार स्वतःच्या घराचं आहे. बापाने एका पत्रकाराला गप्प करायला गुंडाची मदत मागितली होती, पत्रकार मेला. बापाची इच्छा तशी नव्हती असं घरचा म्हातारा नोकर आल्फ्रेड सांगतो, आणि आपण ते मानायचं की नाही ते आपल्यावर सोडलंय. गोल्फच्या काठ्या घेऊन कोणी येत नाही. मग हरलेला डिटेक्टिव्ह लाल मशाल पेटवून कमरेइतक्या पाण्यात उतरतो आणि लोकांना बाहेर काढतो, वरून काढलेला तो शॉट, काळ्या पाण्यात एक लाल ठिपका आणि मागे माणसांची ओळ. काका, तुम्ही उजेड मागत होतात ना, तो होता, तुम्ही खुर्ची घेऊन गेलात.

लांबीबद्दल मी भांडणार नाही. १७६ मिनिटं जास्तच आहेत. गुंडांच्या क्लबमधे तो तीनदा जातो, दोनदा गेला असता तरी चाललं असतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात बंदुका सुरू झाल्या की तपासाचा धागा सुटतो, तिथे हा पिक्चर दुसऱ्या कुठल्याही सुपरहिरोपटासारखा दिसायला लागतो. कॅटवुमन, म्हणजे त्याच क्लबातली ती चोरटी पोरगी, तिच्या मैत्रिणीच्या गोष्टीला जेवढी जागा पाहिजे होती तेवढी दिली नाही, आणि एकदा चुंबन झालं की दिग्दर्शकालाच त्याचं काय करायचं कळत नाही. हे सगळं कबूल. सराफ्यात रात्री दोनला भुट्ट्याचा कीस खाता खाता मी हे आतेभावाला सांगितलं तर त्याने द्रोण खाली ठेवला, इतकं वाईट वाटलं त्याला.

शेवटी मागच्या रविवारी मी काकांना घरी बोलावलं. पडदे लावले, टीव्हीचा ब्राइटनेस मुलाकडून नीट करून घेतला, मधे दोनदा चहा. काका पूर्ण बसले. गालिच्याच्या सीनला म्हणाले "हं". लाल मशालीला काही बोलले नाहीत. पाट्या सुरू झाल्यावर मी मोठ्या आशेने विचारलं, काय मग? काका चष्मा पुसत म्हणाले, ते सुरुवातीला तो म्हातारा नोकर त्याला सांगतो ना, की कंपनीचे अकाउंटंट आज सकाळी नाश्त्याला येणार आहेत, आणि हा तोंड वाकडं करतो. चारदा बघून मला तो सीन आठवतसुद्धा नव्हता. परत लावून बघितला, खरंच होता. काका म्हणाले, "एक अब्ज डॉलरचा फंड, वीस वर्षं ऑडिट नाही, हिशेबनीस आपल्या पायाने दारात आलेत, आणि हा रात्रभर गटारात क्लू शोधतोय. अरे त्यांच्यासोबत बसून चार पोहे खाल्ले असते तर पहिल्या दिवशी केस सुटली असती."